हवा कोंडणारे कुंभार

सर जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तक्षशिला खणली. तिथल्या भीर टेकडीतून त्यांच्या हाती काही वेगळीच खापरं लागली. काळीभोर, पातळ, बोट घसरावं इतकी गुळगुळीत, आणि उजेडात तिरकी धरली की पोलादासारखी निळसर झाक मारणारी. अलेक्झांडर या वाटेनं गेलेला, पुढे ग्रीक राजांनी इथे राज्य केलेलं, आणि अथेन्सची काळी चकचकीत भांडी युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतून मांडलेली. मार्शल यांनी या खापरांची नोंद ग्रीक काळी भांडी अशी केली.

पुढे तशीच खापरं गंगेच्या खोऱ्यात निघू लागली. कौशांबी, अहिच्छत्र, राजगीर, श्रावस्ती अशा ठिकाणी, ग्रीक इकडे फिरकण्याच्या कितीतरी आधीच्या थरांतून. १९४६ मध्ये मॉर्टिमर व्हीलर आणि कृष्णदेव यांनी ‘एन्शंट इंडिया’च्या पहिल्याच अंकात या भांड्यांवर लेख लिहिला आणि ‘नॉर्दर्न ब्लॅक पॉलिश्ड वेअर’ हे नाव पक्कं झालं. उत्खननावरची मंडळी नुसतं ‘एनबीपी’ म्हणतात. आज या भांड्यांचा काळ ढोबळमानानं इ.स.पू. ७०० ते २०० असा धरतात. म्हणजे बुद्ध आणि महावीर, सोळा महाजनपदं, चांदीची आहत नाणी, आणि शेवटी मौर्यांचं साम्राज्य. गंगेकाठी नव्यानं शहरं उभी राहत होती आणि त्या शहरांतल्या सधन घरांत जेवणाची ताटं-वाडगी या काळ्या मातीची होती.

मार्शल यांनी घातलेली सांगड चुकीची ठरली, पण त्यातून एक खरा प्रश्न उरला. अथेन्सच्या आणि गंगाकाठच्या कुंभारांची कधी गाठ पडली नसताना दोघांनी मातीवर जवळजवळ सारखा काळा रंग कसा आणला? आणि दोघांची रीत एकच होती का? अथेन्सबद्दल याचं उत्तर आज पुष्कळ खात्रीनं देता येतं. गंगेबद्दल वाद अजून मिटलेला नाही. दोन्हीकडच्या भांड्यांची गुणवत्ता तोलामोलाची असताना हे असं का व्हावं, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही, आणि तो व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आधी काळा रंग येतो कुठून ते पाहू. कुंभाराच्या बहुतेक मातीत लोह असतं. आपल्याकडचं गाडगं तांबडं होतं ते त्यामुळेच. आव्यात हवा मोकळी खेळत असेल तर लोहाला भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि त्याचं हेमॅटाइट होतं. गेरूचा आणि कावेचा तांबडा रंग तो हाच. आता त्याच आव्याची तोंडं लिंपून टाकली, आत ओलं लाकूड किंवा हिरवा पाला सरकवला, तर जळणाला हवा पुरत नाही. ते अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. या वायूला ऑक्सिजन हवा असतो. बाहेरून मिळाला नाही की तो मातीतल्या लोहाकडून ओढून घेतो. मग तांबड्या हेमॅटाइटचं काळं मॅग्नेटाइट होतं. उष्णता आणि वायूचा जोर वाढला तर लोहाची आणखी काळी रूपं तयार होतात. मातीतल्या अ‍ॅल्युमिनियमशी जुळून हर्सिनाइट हे काळं खनिजही बनतं.

दुसरा काळा रंग कार्बनचा. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काजळते, तसंच इथे घडतं. फरक एवढाच की तापलेली माती सच्छिद्र असते, त्यामुळे काजळीचे कण वरवर बसून न राहता आतपर्यंत शिरतात. तिसरा काळा रंग मँगनीजचा. मँगनीजयुक्त खडा उगाळून रंगवलं तर हवा खेळत्या आव्यातही तो काळाच राहतो, कुंभाराला हवा कोंडायची गरज पडत नाही.

म्हणजे तीनपैकी दोन काळे रंग कुंचल्यातून येतच नाहीत. ते हवेतून येतात. भांडं आव्यात असताना किती वेळ, कोणत्या तापमानाला, किती हवा आत शिरू दिली, यावर ते ठरतं. शास्त्रज्ञ अडीच हजार वर्षांपूर्वीचं खापर कापून पाहतात तेव्हा ते त्या दिवशीच्या आव्यातली हवा मोजत असतात.

* * *

अथेन्सच्या केरामेकोस या कुंभारवस्तीत इ.स.पू. सहाव्या शतकात जी भांडी घडत होती, त्यांच्यावर तांबड्या पार्श्वभूमीवर काळ्या आकृत्या असत. एक्झेकिअस हा त्या काळचा सर्वांत मोठा कलावंत. भांडं आपण घडवलं अशी सहीच त्यानं करून ठेवली, म्हणून त्याचं नाव आज माहीत आहे. व्हॅटिकनच्या संग्रहात त्याचा एक घट आहे. त्यावर अकिलीस आणि एजॅक्स युद्धातल्या उसंतीत पटावर खेळायला बसले आहेत. दोघांच्या अंगरख्यांवरची नक्षी काळ्या थरात टोकदार हत्यारानं कोरली आहे आणि प्रत्येक रेघ आजही धारदार दिसते. इ.स.पू. ५३० च्या सुमारास हा खेळ उलटला. आकृत्या तांबड्या राखून भोवतालची जागा काळी करायची रीत आली.

हा काळा थर म्हणजे काय, याचं उत्तर फार काळ मिळत नव्हतं. कोणी त्याला वार्निश म्हणे, कोणी काचेचा मुलामा. १९४२ मध्ये थिओडोर शूमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं उलगडा केला. तो वेगळा रंग नव्हताच. तीसुद्धा मातीच होती, फक्त अतिशय बारीक केलेली. माती पाण्यात कालवून ठेवली की जाड कण तळाशी बसतात. मात्र बारीक कणही एकमेकांना चिकटून खाली जातात, म्हणून पाण्यात क्षार मिसळून त्यांना सुटं ठेवावं लागतं. मग वर तरंगत राहिलेलं गढूळ पाणी काढून घ्यायचं, आटवायचं, दाट करायचं. एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान कणांचा हा लेप पोटॅशियमनं समृद्ध असतो, आणि पोटॅशियममुळे तो भांड्याच्या मूळ मातीपेक्षा कमी तापमानालाच काचेसारखा एकजीव होतो. सगळी किमया या एका फरकावर उभी आहे.

लेप लावलेलं भांडं आव्यात रचलं की तीन टप्पे येत. पहिल्या टप्प्यात हवा मोकळी, तापमान सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत. भांडं आणि लेप दोन्ही तांबडे. दुसऱ्या टप्प्यात झरोके बंद, ओलं जळण आत, तापमान आणखी शंभर-दीडशे अंशांनी वर. आता दोन्ही काळे, आणि लेप हळूहळू वितळून मिटलेला. तिसऱ्या टप्प्यात आवा थंड होत असताना झरोके पुन्हा उघडायचे. भांड्याची माती सच्छिद्र असल्यानं तिच्यात ऑक्सिजन शिरतो आणि ती परत तांबडी होते. लेपाची छिद्रं मात्र बुजलेली असतात, तिथे हवेला वाट मिळत नाही, म्हणून तो काळाच राहतो. एकाच आव्यातून, एकाच जातीच्या मातीतून, एकाच भांड्यावर दोन रंग.

हे लिहायला सोपं आहे. करताना मात्र दुसऱ्या टप्प्यात तापमान कमी पडलं तर लेप मिटत नाही आणि तिसऱ्यात तोही तांबडा होऊन बसतो. जास्त झालं तर माती वितळू लागते. तिसरा टप्पा लांबला तर कडेकडेनं काळ्यावर तांबूस डाग उमटतात. संग्रहालयांत जरा वेळ उभं राहून पाहिलं तर असे डाग दिसतात, आणि दोन भांडी आव्यात एकमेकांना टेकली होती तिथले गोल ठसेही दिसतात. मला तरी निर्दोष घटापेक्षा असा डागाळलेला घट अधिक काही सांगतो, कारण त्या डागात आव्यातला तो क्षण टिकून असतो.

तापमापक नसताना कुंभाराला कळत कसं असे? अथेन्सच्या अगोरा या जुन्या बाजारचौकाच्या परिसरात याचा पुरावा सापडला आहे. फुटक्या किंवा बिघडलेल्या भांड्यांचे तुकडे घेऊन त्यांना भोक पाडत, वर लेपाचे फटकारे मारत आणि ते आव्यात भांड्यांसोबत ठेवत. मधेच झरोक्यातून आकडा घालून एक तुकडा बाहेर ओढायचा, रंग आणि चकाकी पाहायची, आणि पुढचा निर्णय घ्यायचा. कॉरिंथजवळच्या पेंतेस्कूफियाला १८७९ मध्ये इ.स.पू. सहाव्या शतकातल्या मातीच्या चित्रपाट्या मिळाल्या. त्यांतल्या काहींवर कुंभार आव्याशी काम करताना रंगवले आहेत. घुमटाच्या आव्यापुढे जळण ढकलणारा माणूस आहे, वर चढून धुराच्या तोंडाशी खटपट करणारा आहे. कुंभारानं देवाला वाहिलेल्या पाटीवर आपल्या धंद्यातला सर्वांत जोखमीचा प्रसंग रंगवावा, हे फार समजण्यासारखं आहे.

शूमानच्या सिद्धान्तावर पुढची अनेक दशकं दोन बाजूंनी काम झालं, आणि माझ्या मते अथेन्सचं यश इथे आहे. एका बाजूला प्रयोग करणारे. जर्मनीत अ‍ॅडम विंटर, अमेरिकेत जोसेफ व्हीच नोबल यांनी प्रत्यक्ष भांडी भाजून पाहिली. नोबल यांचं अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सकडच्या, भांड्यांच्या तंत्रावरचं पुस्तक १९६५ चं. दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा. १९८२ मध्ये मायकेल टाइट, मॅव्हिस बिम्सन आणि इयन फ्रीस्टोन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या थराचा छेद पाहून अभ्यास प्रसिद्ध केला. १९९३ मध्ये यानिस मॅनिआटिस, एलेनी अलूपी आणि सहकाऱ्यांनी काळ्या थराच्या घडणीबद्दल नवे पुरावे मांडले. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले वीसेक भाग भरतील एवढाच हा थर जाड. आत काच, आणि काचेत विखुरलेले लोहाच्या काळ्या खनिजांचे अतिसूक्ष्म स्फटिक. अलूपी यांनी नंतर अथेन्समध्ये स्वतःची कार्यशाळाच काढली आणि जुन्या रीतीनं भांडी घडवायला घेतली. ज्या बाईंनी थर कापून पाहिला, त्याच तो भाजून दाखवू लागल्या.

अलीकडचा टप्पा कॅलिफोर्नियातला. गेटी संवर्धन संस्थेनं स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनची मदत घेतली. तिथल्या कामात अपूर्व मेहता हे भारतीय नावाचे भौतिकशास्त्रज्ञही होते. सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं कड्यात फिरतात आणि वळताना अतिशय प्रखर क्ष-किरण बाहेर टाकतात. या किरणांची ऊर्जा थोडी थोडी बदलत खापरावर सोडली, तर लोहानं किती ऑक्सिजन गमावला आहे त्यानुसार ते वेगवेगळ्या ऊर्जेला किरण शोषतं. म्हणजे काळ्या थरात बिंदूबिंदूला लोहाची अवस्था वाचता येते. मार्क वॉल्टन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी तीन टप्प्यांच्या सरळ गोष्टीला हादरा दिला. काही तांबड्या आकृत्यांची भांडी एकदाच भाजली नव्हती; ती एकाहून अधिक वेळा आव्यात गेली होती असे पुरावे त्यांत मिळाले. साठ-सत्तर वर्षं पाठ्यपुस्तकात असलेली कृती अशी दुरुस्त होते, कारण तपासणारे थांबलेले नाहीत.

* * *

आता गंगेकडे येऊ. एनबीपीचं भांडं हातात घेतलं की पहिली जाणवते ती जाडी. काही वाडग्यांचे काठ दीड-दोन मिलिमीटरांपर्यंत पातळ आहेत. माती इतकी मळलेली आणि गाळलेली की खडा सापडत नाही. टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. सगळी काळीच असतात असंही नाही. रुपेरी, सोनेरी, अगदी गुलाबी छटांची खापरंही मिळतात. ही भांडी किती मोलाची होती ते काही तुकड्यांच्या कडेला पाडलेल्या भोकांवरून कळतं. फुटलेलं वाडगं तांब्याच्या तारेनं किंवा खिळ्यांनी सांधून परत वापरात आणलं आहे. मातीचं भांडं फुटलं तर कोणी सांधत बसत नाही. हे सांधलं.

मौर्यांच्या काळापर्यंत या भांड्यांनी मोठा पल्ला गाठला. उत्तरेला तक्षशिला, दक्षिणेला कृष्णेकाठचं अमरावती. महाराष्ट्रात नाशिक, तापीकाठचं प्रकाशे आणि प्रवरेकाठचं नेवासे इथल्या उत्खननांत ती मिळाली, पण मोजकीच. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक खणलं, आणि १९५४ ते १९५६ मध्ये नेवासे. आपल्याकडच्या पांढरीत एनबीपीचा एखादा तुकडा निघाला की उत्खननावर आनंद होतो, कारण तेवढ्यावरून त्या थराचा काळ बांधता येतो. व्यापारी, भिक्खू किंवा राजाचा कारकून, कोणाच्या गाठोड्यातून हे वाडगं विंध्य ओलांडून आलं हे सांगता येत नाही. पण इथे घडलं नाही, एवढं त्याची माती बोलते.

आणि त्यावरचा काळा रंग? पुरातत्त्व खात्याचे रसायनशास्त्रज्ञ मोहम्मद सना उल्ला यांनी काळ्या थराचं पृथक्करण करून त्यात सुमारे १३ टक्के लोहाचं ऑक्साइड असल्याचं सांगितलं. हा आकडा व्हीलर-कृष्णदेव यांच्या लेखात आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले के. टी. एम. हेगडे यांनी साठच्या दशकात एनबीपीचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. भारतात त्या वेळी असं काम जवळजवळ कोणी करत नव्हतं. त्यांचा कौल लोहाच्या बाजूनं होता: लोहयुक्त बारीक मातीचा क्षार घालून केलेला लेप, कोंडलेल्या आव्यात भाजलेला, आणि रंग मॅग्नेटाइटचा. म्हणजे अथेन्सशी भाऊबंदकी सांगणारी रीत. दुसऱ्या गटाच्या अभ्यासकांनी मात्र आपापल्या तुकड्यांत कार्बन दाखवला. त्यांच्या मते भांडं नीट घोटून धुरात भाजलं, किंवा भाजल्यावर गरम असतानाच त्यावर तेलकट वनस्पतिजन्य द्रव चोळला, आणि जळून उरलेल्या कार्बनचा पातळ थर पृष्ठभागावर बसला.

हा तंटा सोडवायची एक साधी रीत कोणत्याही प्रयोगशाळेत करता येते. खापराचा छोटा कपचा घ्यायचा आणि हवा खेळत्या भट्टीत पुन्हा तापवायचा. पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास कार्बन जळून जातो आणि खापर फिकट पडतं. काचेत अडकलेलं लोह मात्र अशा तापमानाला काळंच राहतं. इथे एक मेख आहे. थर पुरता मिटलेला असेल तर त्याखालचा कार्बनही सुरक्षित राहतो, आणि परीक्षा फसते. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या परिणामावर आधारलेली वर्णपटमिती इथे कामाला येते. लेसरचा बारीक किरण खापरावर टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशात झालेला बदल वाचायचा. कार्बन असेल तर दोन रुंद पट्टे उमटतात, मॅग्नेटाइटचा पट्टा वेगळ्या जागी येतो. खापर कापावंही लागत नाही. लोहाबद्दल आणखी बारकाईनं विचारायचं तर मॉसबाउअर वर्णपटमिती आहे. तिच्यातून नमुन्यातल्या लोहापैकी किती भाग कोणत्या अवस्थेत आहे ते प्रमाणासह मिळतं.

साधनं आहेत, तरी एकमत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे प्रश्नच चुकीचा विचारला गेला. एनबीपी ही पाचशे वर्षं आणि दोन हजार किलोमीटरांवर पसरलेली भांडी. एकानं कौशांबीचे चार तुकडे तपासले, दुसऱ्यानं बंगालचे सहा, आणि प्रत्येकानं आपलं उत्तर सगळ्या एनबीपीचं उत्तर म्हणून मांडलं. या अवधीत रीत बदलली असेल. शहरागणिक वेगळी असेल. उंची भांड्यांची मागणी वाढल्यावर कोणी लोहाच्या लेपाऐवजी सोप्या धुराच्या रीतीनं तशीच चकाकी आणली असेल. पुष्कळ स्थळांच्या, थर पक्के माहीत असलेल्या तुकड्यांना एकाच कसोट्या लावून पाहिल्याशिवाय हे कळायचं नाही. आणि दुसरी उणीव अशी की अथेन्सच्या भांड्यांसाठी जशी माणसं आयुष्यभर आवे लावत बसली, तसं एनबीपीसाठी फार थोड्यांनी केलं.

* * *

दख्खनची स्वतःची काळी भांडी वेगळ्या कुळातली आहेत. विदर्भात नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड या ठिकाणी दगडी वर्तुळांखाली माणसं पुरलेली आहेत. काळ इ.स.पू. पहिलं सहस्रक. माहुरझरीला घोडे त्यांच्या तांब्याच्या साजासह पुरलेले मिळाले. या थडग्यांत हमखास सापडतात ती काळी-तांबडी भांडी: आतून आणि काठाशी काळी, बाहेरून खालपर्यंत तांबडी. जुना खुलासा असा की भांडं आव्यात पालथं ठेवायचं, तोंड राखेत किंवा तुसात रुतवायचं. आतल्या बाजूला आणि काठाला हवा मिळत नाही, तूस जळून धूर कोंडतो, ते भाग काळे होतात. बाहेरच्या अंगाला हवा लागते, ते तांबडं राहतं. दुसऱ्या मताप्रमाणे भांडं दोनदा भाजलं जाई. आधी सगळं तांबडं, मग काठ धुरात. दोन्ही रीतींनी तसं भांडं बनतं, हीच अडचण आहे. खापराचा छेद घेऊन काळा रंग किती आत शिरला आहे आणि दोन रंगांची सीमा कशी आहे ते प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पाहावं लागतं.

ही भांडी पाहून एका गोष्टीचा मोह अनेकांना झाला. राजस्थानातलं आहाड, गुजरातचं लोथल, विदर्भ, आणि दक्षिणेतली महापाषाणी थडगी, सगळीकडे काळी-तांबडी भांडी आहेत, तेव्हा ती वापरणारे लोकही एकच असणार. आहाड आणि विदर्भ यांच्यामध्ये हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. पालथं भांडं तुसात रुतवलं की काठ काळा होतो, हे कोणाही कुंभाराला आपापल्या आव्यात कळू शकतं. रीत सारखी असणं आणि माणसं एकाच वंशाची असणं यांत फार अंतर आहे, आणि भांड्यांवरून लोकांच्या स्थलांतराच्या कथा रचणाऱ्यांनी ते पुष्कळदा विसरून नुकसान केलं आहे.

विदर्भाबाबत मला एक धागा महत्त्वाचा वाटतो. नायकुंडला, त्याच काळात, लोखंड गाळायची भट्टी सापडली. लोहाराची भट्टी आणि कुंभाराचा कोंडलेला आवा रसायनदृष्ट्या एकाच रस्त्यावर आहेत. तांबड्या हेमॅटाइटचं काळं मॅग्नेटाइट, त्यापुढे वुस्टाइट, आणि शेवटी ऑक्सिजन पुरता काढून घेतल्यावर धातू लोखंड. कुंभार मधेच थांबतो, लोहार हजार अंशांच्या वर जाऊन शेवटचं ठाणं गाठतो. दोघांनाही एकच गोष्ट साधावी लागते: जळणाला किती हवा द्यायची. दगडी वर्तुळांतल्या त्या लोकांत या दोन कारागिरांचं एकमेकांकडे जाणं-येणं होतं का, हे खापरांच्या आणि लोहमळीच्या एकत्र अभ्यासातून तपासता येईल. विदर्भातल्या अभ्यासकांसाठी हे काम पडून आहे.

तामिळनाडूत मदुराईजवळच्या कीळडी इथल्या इ.स.पू. सहाव्या शतकातल्या खापरांबद्दल २०२० मध्ये एक बातमी बरीच गाजली. वेल्लोरच्या व्हीआयटीतल्या संशोधकांनी भांड्यांच्या आतल्या काळ्या थरात कार्बनच्या नॅनोनळ्या दाखवल्या. ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये हा शोध आला, आणि लगेच प्राचीन भारतीयांना नॅनोतंत्र अवगत होतं असे मथळे झळकले. कुंभाराला नॅनोनळी माहीत असायचं कारण नाही. २००६ मध्ये दमास्कस पोलादाच्या तलवारीतही तशा नळ्या मिळाल्या, आणि लोहारालाही त्या माहीत नव्हत्या. कीळडीच्या थराचं खरं महत्त्व मला वेगळं वाटतं. अडीच हजार वर्षं ओल्या मातीत पडूनही तो थर सुटला नाही. कोणता वनस्पतिरस, कोणत्या तापमानाला, किती वेळ, की ज्यातून इतका चिवट कार्बन मातीला धरून बसला? मथळे विरल्यावर हे विचारायला हवं.

* * *

काळी भांडी करणारे कुंभार आजही आपल्यात आहेत. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातल्या निझामाबादला काळी चकचकीत भांडी बनतात. २०१५ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. भांडं वाळल्यावर त्यावर ‘काबिस’ नावाचा मातीचा लेप चढतो, मोहरीचं तेल लावून ते घोटतात, बांबूच्या काडीनं नक्षी कोरतात आणि बंद आव्यात धुराच्या जोरावर भाजतात. काळ्यावर रुपेरी नक्षी दिसते ती नंतर कोरलेल्या रेघांत धातूची पूड भरून. कौशांबी आणि श्रावस्ती हा सगळा टापू इथून फार लांब नाही. निझामाबादची परंपरा एनबीपीपासून सलग चालत आली असं कोणी म्हणू नये, कारण या कुंभारांचे पूर्वज गुजरातेतून आले असं सांगतात. पण लेप, तेल, घोटणं आणि कोंडलेला धूर या चार गोष्टी एका हातात येतात तेव्हा काय घडतं, हे तिथल्या कारागिराइतकं कोणाला ठाऊक असणार?

मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यात लोंगपी इथले तांगखुल कुंभार चाक वापरतच नाहीत. सर्पेंटिनाइट दगडाची पूड मातीत मिसळून हातानं भांडं घडवतात, उघड्या जाळात भाजतात, आणि धगधगतं असतानाच त्यावर एका झाडाची पानं चोळतात. पानांतला रस जळून भांडं काळं तकतकीत होतं. एनबीपीच्या वादातल्या कार्बन-पक्षाचं जे म्हणणं आहे, भाजून झाल्यावर वनस्पतिरस चोळण्याचं, ते लोंगपीच्या अंगणात आजही चालतं.

खापरं घेऊन कुंभाराकडे जावं, हे पूर्वी कोणी केलं नाही असं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एडगर ह्युएट यांनी १९०८ च्या सुमारास उत्खननात मिळालेली जुनी खापरं सान इल्देफॉन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ यांच्यापुढे ठेवली आणि तशी भांडी करून बघायला सांगितलं. मारिया आणि त्यांचे पती हुलियन प्रयोग करत राहिले. जाळ ऐन भरात असताना वाळलेल्या शेणाच्या भुकटीनं तो दडपायचा, ही रीत त्यांनी पक्की केली, आणि १९१९ च्या सुमारास घोटलेल्या काळ्यावर मंद काळी नक्षी उमटवून दाखवली. आज मारियांची भांडी जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांच्या आव्याचे टप्पे लिहिलेले, चित्रित केलेले आहेत.

आपल्याकडे असं एखादं काम निझामाबादला आणि लोंगपीला जाऊन करता येईल. गंगेच्या काठची गाळाची माती घ्यावी, पाण्यात निवळू द्यावी, एका ढिगाला क्षार घालून लेप करावा आणि दुसऱ्याला नुसतं तेल चोळून घोटावं, तिसरा गरम असताना पानांच्या रसानं माखावा. आवा कारागिराच्या मनाप्रमाणे लावावा, आणि त्यानं तोंडं कधी लिंपली, जळण कोणतं घातलं, आत किती अंश होते, उघडलं कधी, हे सगळं लिहून ठेवावं. मग त्या तुकड्यांचे छेद कौशांबीच्या, श्रावस्तीच्या आणि प्रकाशे-नेवाशाच्या खापरांशेजारी एकाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावेत, आणि निकाल छापताना आवा लावणाऱ्या कुंभाराचं नाव लेखकांच्या रांगेत यावं.